गोड्या पाण्याचा किनारा : कपडे ऐच्छिक, पंचा सक्तीचा

सामानाची यादी करायला बसाल तेव्हा सगळ्यात वर पंचा लिहा. जाड टर्किश टॉवेल नको. आपल्याकडे बाजारात मिळतो तसा पातळ, सुती, चौकटीचा पंचा. तासाभरात वाळतो, घडी केली की मुठीएवढा होतो. आणि जिथे अंगावर कपडा नसला तरी चालतं, तिथे बुडाखाली मात्र काहीतरी असलंच पाहिजे, हा जगभरच्या अशा किनाऱ्यांचा पहिला शिष्टाचार आहे. दगड असो, खुर्ची असो, बाक असो, आधी पंचा आणि मग आपण.

मी ज्या किनाऱ्याबद्दल सांगतेय तो ग्रीसच्या क्रीट बेटाच्या दक्षिण अंगाला आहे. नाव ग्लिका नेरा. ग्लिका म्हणजे गोड, नेरा म्हणजे पाणी. होरा स्फाकिओन आणि लुत्रो या दोन गावांच्या मधोमध, उभ्या कड्याच्या पायथ्याशी, अर्ध्या किलोमीटरच्या आसपास लांबीची गोट्यांची पट्टी. गाडीरस्ता नाही. पायी नाहीतर होडीने. म्हणूनच तिथे शांतता टिकून आहे, आणि गेली कित्येक दशकं तिथे लोक कपड्यांशिवाय पोहतात, पडतात, वाचतात. आम्ही स्टुटगार्टला राहतो. मी मूळची सांगलीची. तीनदा जाऊन आले, त्यातल्या पहिल्या खेपेला बऱ्याच चुका केल्या. त्या तुमच्या वाचाव्यात म्हणून हे.

आधी कायद्याचं

ग्रीसमध्ये सगळीकडे कपडे काढायला मोकळीक आहे, हा गैरसमज. 1983 साली तिथे नग्नतावादी पर्यटन केंद्रांसाठी कायदा झाला, पण अशा अधिकृत जागा मोजक्याच. बाकीच्या किनाऱ्यांवर जे चालतं ते रिवाजाने चालतं. गावाच्या नजरेआड असलेला, वर्षानुवर्षं तसाच वापरला गेलेला किनारा असेल तर कोणी काही म्हणत नाही. ग्लिका नेरा त्यातलाच. गावालगतच्या, चर्चजवळच्या किंवा शाळकरी पोरं पोहतात त्या किनाऱ्यावर मात्र हा उद्योग करू नये. कुठे ‘अपागोरेवेते’ने सुरू होणारी पाटी दिसली तर ते ‘मनाई आहे’ असं समजा, आणि पुढच्या शब्दात ‘यिम्निझमोस’ असेल तर मनाई नेमकी याचीच आहे.

हा शब्द मजेशीर आहे. मूळ ग्रीक ‘गिम्नोस’ म्हणजे नागडा. जुने ग्रीक व्यायाम नागव्याने करायचे, म्हणून त्या जागेला गिम्नासिओन म्हणत. आपण महिन्याची फी भरून ज्या ‘जिम’ला जातो ती हीच. भाषाशास्त्रज्ञ गिम्नोस आणि आपला ‘नग्न’ हे एकाच मुळातले मानतात. आणि सिकंदराबरोबर तक्षशिलेपर्यंत आलेल्या ग्रीकांना जे दिगंबर तपस्वी दिसले त्यांना त्यांनी नाव दिलं ‘गिम्नोसोफिस्ट’, म्हणजे नागडे तत्त्ववेत्ते. सांगली-कोल्हापूरकडे दिगंबर मुनींचा विहार रस्त्याने निघाला की एसटीसुद्धा हळू होते, लोक हात जोडतात, कुणी दचकत नाही. ते वैराग्य आणि हे उन्हात लोळणं, दोन्हींची बरोबरी मी करत नाहीये. पण ‘आपल्याला असं काही बघायची सवयच नाही’ असं म्हणणं काही खरं नाही, एवढंच.

एक मात्र ध्यानात ठेवा, हे क्रीटमधून गोव्यात आणायचं नाही. साठ-सत्तरच्या दशकातले हिप्पी क्रीटच्या माताला गावच्या गुहांमध्ये राहायचे आणि हणजूणलाही, त्यामुळे दोन्हींच्या गोष्टी एकसारख्या ऐकू येतात. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली सार्वजनिक ठिकाणची अश्लील कृती हा गुन्हा आहे.

पोचायचं कसं

भारतातून येत असाल तर शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी किमान 30,000 युरोचा प्रवासविमा सक्तीचा, फी मोठ्या माणसाला 90 युरो. व्हिसाच्या अर्जात ‘पर्यटन’ पुरे, जास्त तपशील कोणी विचारत नाही. शेंगेन देशात राहण्याचा परवाना असेल तर हा भागच नाही. अथेन्सहून क्रीटमधल्या हानिया शहराला विमान तासाभराच्या आत पोचतं. घाई नसेल तर अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्रीची बोट घ्या, सकाळी हानियाजवळच्या सूदा बंदरात उतरवते. हानियाहून होरा स्फाकिओनची बस केटीईएल या बससेवेची, अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, वेळ साधारण दोन तास.

या दोन तासांत झोपू नका. बस लेफ्का ओरी, म्हणजे पांढऱ्या डोंगरांवर चढते (सर्वोच्च शिखर पाखनेस, 2,453 मीटर), आस्किफूचं पठार ओलांडते, आणि इम्ब्रोसनंतर एकदम समोर लिबियाचा समुद्र उघडतो. खाली उतरताना आंबेनळी घाटाची आठवण येते, फक्त झाडं वजा करा. 1941 च्या मे महिन्याच्या अखेरीस जर्मनांपुढे माघार घेतलेले हजारो दोस्त सैनिक हाच डोंगर उतरून होरा स्फाकिओनला बोटींची वाट बघत बसले होते. पाट्यांवर गोळ्यांची भोकं दिसली तर मात्र ती त्या युद्धातली नव्हेत. स्फाकिया म्हणजे हाच मुलूख, इथल्या लोकांना पाट्यांवर नेम धरायची हौस आहे.

मुक्काम होरा स्फाकिओनला किंवा लुत्रोला. लुत्रोला रस्ताच नाही, पांढरी घरं, निळ्या खिडक्या आणि बोट. मला लुत्रो आवडतं, पण पहिल्या खेपेला होरा स्फाकिओन बरं, कारण बस तिथवरच येते.

महिने दोनच सुचवीन, जून आणि सप्टेंबर. ऑगस्टमध्ये गर्दी आणि ऊन दोन्ही अंगावर येतात. सप्टेंबरात समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो.

पायवाट की होडी

होडी सोपी. हंगामात दोन्ही गावांच्या धक्क्यांवरून छोट्या होड्या सुटतात. वेळा रोजच्या रोज धक्क्यावर विचारायच्या, कारण वारा असेल तर होडी रद्द होते. इथे भाषेचा एक घोळ सांगते. ग्रीकमध्ये ‘हो’ला ‘ने’ म्हणतात. पहिल्या खेपेला होडीवाल्याने विचारलं, पाच वाजता न्यायला येऊ का? आम्हाला चालत परतायचं होतं, म्हणून नवरा सवयीने म्हणाला, “नै नै.” होडीवाला खूश. पाचला बरोब्बर हजर, आणि आम्हाला गुपचूप पैसे देऊन बसावं लागलं. नकाराला ‘ओही’. नाहीतर नुसतं जिभेने ‘च्च’ करून भुवया उडवा, हा नकार तिकडे आणि इकडे अगदी सारखाच आहे. आणि खरंच न्यायला यायला हवं असेल तर त्याला मराठीतच ‘ने’ म्हणा.

पायवाट लक्षात राहते. होरा स्फाकिओनहून आनोपोली गावाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याने साधारण दोन किलोमीटर गेलं की पहिल्या हेअरपिन वळणावर डावीकडे ती फुटते. ‘ई 4’ या लांबलचक युरोपीय पदभ्रमण मार्गाचाच हा तुकडा, खुणा पिवळ्या-काळ्या. वळणापासून सावकाश गेलं तरी तासाभरात किनारा येतो. सुरुवातीला कड्यात कोरलेला भाग आहे, एका हाताला दगडी भिंत आणि दुसऱ्या हाताला खाली समुद्र. रुंदी पुरेशी असली तरी कठडा नाही. सह्याद्रीत फिरलेल्यांना यात विशेष वाटणार नाही, पण उंचीने गरगरणाऱ्यांनी सरळ होडी घ्यावी. पाऊस पडून गेला असेल तर कोणीच जाऊ नये, दगड सुटतात. सावली शून्य. सकाळी आठच्या आत निघा, माणशी दीड-दोन लिटर पाणी घ्या, आणि पायात बूट. मी पहिल्यांदा सँडल घालून गेले होते, अंगठ्याचं नख महिनाभर काळं होतं.

कपडे : कधी, कसे, किती

पोचल्या पोचल्या काढायचे नाहीत. आधी जागा बघा. किनारा रिकामा असेल तर एखाद्या जोडप्याच्या शेजारीच पथारी टाकणं, ही आपली एसटीतली सवय, इथे उद्धटपणा ठरते. दहा-पंधरा पावलं मोकळी सोडा. झाऊची झाडं आहेत, दुरून कोकणातल्या सुरूसारखी वाटतात. त्यांच्या सावलीत जागा मिळाली तर नशीब. कड्याच्या अगदी पायथ्याशी, कितीही गार वाटलं तरी, झोपू नका. वर शेळ्या चरतात आणि त्यांच्या खुरांनी सुटलेला दगड खाली कुठे पडेल हे शेळी बघत नाही.

पंचा अंथरा, बसा, पाणी प्या. बाकी घाई नाही.

मी पहिल्या दिवशी कुर्ता-पायजम्यात पाऊणेक तास बसले होते. जर्मनीत सौना नागव्याने घेतात, त्यामुळे मला वाटलं होतं सराव आहे. पण सौनात अंधार असतो, वाफ असते, इथे लख्ख ऊन. तेवढ्यात सत्तरीच्या पुढची एक बाई आली. डोक्यावर गवती टोपी, नाकावर चष्मा, बाकी काही नाही. हातात अख्खं कलिंगड. “सुरी आहे का?” मी पिशवीतून सुरी काढून दिली. तिने सुरीला धार आहे का ते अंगठ्याने तपासलं, मान हलवली आणि गेली. थोड्या वेळाने सुरी धुऊन परत, वर दोन फोडी. ती फोड खाताना लाल पाणी कोपरापर्यंत आलं, कुर्त्यावर सांडलं, तो धुवायला काढला, आणि मग पुन्हा घालायचं कारण सापडेना. नवऱ्याने मात्र पूर्ण दिवस हाफ पँट सोडली नाही. त्यालाही कोणी काही म्हटलं नाही. ऐच्छिक या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंनी आहे.

लाज मोडायला एक साधी युक्ती : पाण्यात कपड्यांनिशी जा, बाहेर येऊन ओले कपडे वाळत टाका. ओल्या कपड्यात बसणं कुणालाच आवडत नाही, त्यामुळे काढणं आपोआप सहज वाटतं.

पुरुषांना एक भीती असते, ती उघड बोलत नाहीत. शरीराने भलत्या वेळी दगा दिला तर? बहुतेकदा देत नाही, कारण वातावरण दुपारच्या वाचनालयासारखं असतं. दिलाच तर पालथं पडा किंवा पाण्यात जा. पाणी गार आहे, मिनिटभरात प्रश्न मिटतो. त्याचं प्रदर्शन करणं, किंवा जोडप्यांनी लगट करणं, इथे अजिबात खपवून घेत नाहीत. किनाऱ्यावर लहान मुलं असतात, आजी-आजोबा असतात.

बायकांसाठी : मंगळसूत्र काढून ठेवा. गंमत नाही, सोनं उन्हात तापतं, आणि माझ्या गळ्याखाली दोन वाट्यांचे पांढरे ठसे ऑक्टोबरपर्यंत होते. पाळीच्या दिवसांत बिकिनीची खालची बाजू घालून बसणाऱ्या कितीतरी जणी असतात, कोणी ढुंकून बघत नाही. एकटीने आलात तर म्हाताऱ्या जोडप्यांच्या जवळपास बसा. कोणी फारच बघत असेल किंवा जवळ सरकत असेल तर सामान उचलून खानावळीच्या बाजूला जायचं, तिथे माणसं असतात. सगळ्या युरोपात तातडीचा क्रमांक 112.

फोन

पिशवीत. तळाशी. समुद्राचा फोटोसुद्धा नको, कारण तुम्ही समुद्राचाच काढताय हे पलीकडच्याला कसं कळणार? पुस्तक फोनवर वाचायची सवय असेल तर त्या दिवसापुरतं कागदाचं घ्या. मी तिथे एकाच प्रसंगी भांडण बघितलं आहे. होडीतून उतरलेल्या पाच-सहा जणांच्या कंपूने सगळे कपडे अंगावर ठेवून, फोन वर धरून, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्कर मारली. त्यांच्यावर पहिली ओरडली ती कलिंगडवाली.

आणि डोळ्यांचं म्हणाल, तर डोळे कोणी बांधून ठेवायला सांगत नाही. बोलताना चेहऱ्याकडे बघा, बोलत नसाल तेव्हा समुद्राकडे.

ऊन, गोटे, वारा

आपण सावळे, आपल्याला ऊन लागत नाही, हे विसरा. जन्मात ऊन न बघितलेली कातडी कोणत्याही रंगाची असो, जळते. 50 एसपीएफचं सनस्क्रीन दर दोन तासांनी, पोहून आल्यावर पुन्हा, आणि कुठे कुठे ते मी लिहीत नाही, पण एकही जागा सोडू नका. अकरा ते चार सावलीत. सावली नसेल तर जुनी सुती साडी न्या. चार दगड आणि दोन काठ्यांवर तिचा मांडव होतो. छत्रीपेक्षा वाऱ्यात टिकते.

किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नाही. दुपारी गोटे तव्यासारखे तापतात. पाण्यात घालता येतील अशा रबरी चपला हव्यातच, कारण खडकांना काळे काटेरी सी अर्चिन चिकटलेले असतात.

भरती-ओहोटीचं कोष्टक बघायची कोकणी सवय इथे कामाची नाही. भूमध्य समुद्रात पाणी जेमतेम वीतभर वर-खाली होतं. इथे बघायचा तो वारा. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. दक्षिण किनाऱ्यावर तो डोंगरावरून खाली, जमिनीकडून समुद्राकडे कोसळतो. त्यामुळे पाणी सपाट, निरागस दिसतं, आणि हवेच्या गादीवर पडलेला माणूस बघता बघता आत ओढला जातो. पुढे गावदोस बेट सोडलं तर थेट लिबिया. हवेच्या गाद्या, रबरी बदकं वगैरे इथे आणूच नका.

गोडं पाणी

ज्याच्यासाठी या किनाऱ्याला नाव मिळालं ते बघितल्याशिवाय परतू नका. वरचे पांढरे डोंगर चुनखडीचे. हिवाळ्यातलं बर्फ वितळून, पावसाचं पाणी भेगांतून, गुहांतून जिरत खाली येतं आणि इथे थेट समुद्राच्या काठावर, गोट्यांच्या खाली फुटतं. पोहताना काठाजवळ अचानक बर्फासारख्या गार पट्ट्या लागतात, त्या याच. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. पाण्याखाली डोळे उघडले तर तिथे सगळं तेलातून बघितल्यासारखं थरथरतं.

प्यायला हवं असेल तर झिरा खणायचा. मावशीच्या गावी, मराठवाड्यात, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खणतात तसाच. लाटेपासून सात-आठ पावलं मागे, हाताने गोटे बाजूला करत जायचं. कोपरभर खोल गेलं की तळाशी ओल दिसते, मग गढूळ पाणी जमतं. ते दोनदा उपसून टाकायचं. तिसऱ्यांदा येतं ते नितळ, आणि दात सणकून जातील इतकं गार. लोक तेच पितात, मीही प्यायले. बरेचदा आधीच्या माणसाने गोटे रचून केलेलं आळं तयारच असतं. त्यात पाय घालायचे नाहीत, साबण-शाम्पू तर लांबच. अंग धुवायला खाली, समुद्राच्या बाजूला वेगळा खड्डा करायचा.

पोटाचं

किनाऱ्याच्या कडेला खडकावर एक छोटी खानावळ आहे, उन्हाळ्यातच चालते. तिथे जाताना अंगावर काहीतरी हवं. पंचा गुंडाळला तरी चालतो, शर्ट-चड्डी उत्तम. रोख पैसे ठेवा. शौचालय तिथलंच वापरायचं, आणि वापरायचं तर निदान एक कॉफी घ्यायची. टिश्यू, बाटल्या, सालं, सगळं परत आपल्या पिशवीतून.

शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. संध्याकाळी गावात स्फाकियाची पिठा मागवा. मिझिथ्रा नावाचं ताजं चीज पिठात भरून, पुरणपोळीसारखं लाटून, तव्यावर भाजतात आणि वर मध सोडतात. दाकोस म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, चीज आणि ऑलिव्ह तेल. होर्ता म्हणजे रानभाजी, उकडून, लिंबू पिळून. जेवणानंतर मालक न मागता त्सिकुदियाचे छोटे ग्लास आणून ठेवतो. ती द्राक्षाच्या चोथ्याची दारू आहे, पाणी नव्हे. नको असेल तर हात छातीवर ठेवून ‘ओही, एफहारिस्तो’, म्हणजे ‘नको, आभारी आहे’. राग मानत नाहीत.

परतताना

पायवाटेला लागायच्या आधी कपडे घाला. ती वाट लुत्रोच्या गावकऱ्यांची आहे, गिर्यारोहकांची आहे, तिथे किनाऱ्याचा नियम लागू नाही. अंगावरचं मीठ आधी गोड्या पाण्याने काढा, नाहीतर तासभर चालताना मांड्या सोलवटतात. चालत जाणार असाल तर सूर्य मावळायच्या दीड तास आधी निघा, त्या कड्याच्या वाटेवर अंधारात टॉर्चवर भरवसा नको.

हानियाची संध्याकाळची बस सामारियाची घळ उतरून बोटीने येणाऱ्या लोकांसाठी थांबते, त्यामुळे बोट लागली की धक्क्यावरून रांग पळत सुटते. तुम्ही आधीच येऊन जागा धरून ठेवा, समुद्राच्या बाजूची. ओला पंचा पिशवीच्या पट्ट्याला बाहेरून बांधा. बस सुटेपर्यंत वाळलेला असतो, आणि घाटात गारवा सुटला की खांद्यावर घ्यायला होतो.